सीडीवर चढेना आत्यांची फुगडी

आमच्या घरी चार माणसं जमली, चहा झाला, की कुणीतरी म्हणतंच, ‘शोभा, ती सीडीची गोष्ट सांग की!’ मी विचारते, ‘त्यातली कुठली?’ कारण ती एक गोष्ट नाहीच. सासूबाईंच्या फुगडीची एक सीडी बनवायला आम्हाला नऊ दिवस लागले, आणि त्या नऊ दिवसांत इतके किस्से घडले की सांगणारा थकतो, किस्से संपत नाहीत. बरं, दर वर्षी त्यात कुणीतरी आपल्या पदरचं चिमूटभर घालतं. मी मात्र घडलं तेवढंच सांगते. मीठ लागतं चवीपुरतं, तेवढं सोडून द्या!

तर आधी थोडी ओळख. मी खानापूरकडची, लग्न होऊन कर्नाटकातल्याच जोयडा तालुक्यात, कुंभारवाड्याला आले. माहेरी असताना तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. त्या सर्टिफिकेटचा सासरी एवढा बोभाटा झाला की आमच्या ह्यांनी हौसेनं बेळगावहून एक जुना कॉम्प्युटर आणला. ह्यांची जोयडा ते कुंभारवाडा वडापची, म्हणजे सीटांवर माणसं भरून नेणारी जीप आहे, त्याच जीपमधून तो मधल्या सीटवर बसून आला. त्यात सीडी रायटर होता. आसपासच्या वाड्यांत तसला कॉम्प्युटर फक्त आमच्याकडे.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांच्या फुगडीत त्यांच्यासकट चौदा बायका. चवथीला, म्हणजे गणपतीत, घरोघर नाचायच्या, आणि एकदा फेर धरला की ऐकायच्या नाहीत कुणाला. त्या वर्षी कारवारला जिल्ह्याच्या उत्सवात आमच्या तालुक्यातून फुगडीचा एक गट न्यायचा होता. अट एकच. तासभराच्या कार्यक्रमाची सीडी शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत जोयड्याच्या ऑफिसात पोचली पाहिजे.

चौदाजणींपैकी एकीनंही समुद्र पाहिलेला नव्हता. आत्या म्हणाल्या, ‘आमच्या काळी नदीचं पानी रोज समुद्राला जातंय, आन् आमी हितंच! एकदा बघून तरी येऊ, कुठं जाऊन पडतंय त्ये!’

हे ऐकलं आणि मी मनाशी ठरवलं, ह्या बायकांना समुद्र दाखवायचाच. रामनगरच्या सतीशनं येऊन शूटिंग केलं. लग्नाचे व्हिडिओ काढणं आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणं, असे त्याचे दोन धंदे. सगळं आमच्या कॉम्प्युटरवर टाकून तो दुसऱ्या लग्नाला पळाला. जाताना म्हणाला, ‘वहिनी, सीडी राईट करायचं काय! चार मिनिटांचं काम!’

*

पहिल्या दिवशी मी आंघोळ करून, केस बांधून कॉम्प्युटरसमोर बसले. चौदाजणी मागं ओळीनं. डिस्क घातली, बटण दाबलं. चार मिनिटं झाली, पाच टक्के. दहा मिनिटं झाली, पंधरा टक्के.

‘शोभा, त्ये चालतंय का झोपलंय?’ आत्यांनी विचारलं.

‘चालतंय, पण हळू चालतंय.’

‘का म्हनून?’

आता आली का पंचाईत! कोर्समध्ये आम्हाला बर्थडे कार्ड बनवायला शिकवलं होतं. कॉम्प्युटर हळू का चालतो हा धडा पुढच्या बॅचला होता म्हणे. मी आपली ‘होतंय, होतंय’ करत राहिले.

तासभर झाला. अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर येऊन पट्टी थांबली, खर्रर्र आवाज आला आणि डिस्क बाहेर! बिघडली! मला रडूच यायचं बाकी होतं.

आत्या मात्र शांत. म्हणाल्या, ‘त्याचं बी बरोबरच हाय की गं. आमची फुगडी तासभराची. त्ये आधी समदं बसून बघतंय, मग लिवतंय. न बघता कसं लिवंल?’

सगळ्याजणींना ते इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरला नीट दिसावं म्हणून त्याच्या समोरची खुर्ची कुणीतरी बाजूला ओढून ठेवली.

पुढं सतीशला हे सांगितलं तर तो हसला नाही. म्हणाला, ‘वहिनी, आत्याबाई बरोबर बोलल्या. सगळ्यात कमी स्पीडला तासाची सीडी व्हायला तासच लागतो.’ तेव्हापासून आत्या स्वतःला कॉम्प्युटरमधलं कळतं असं समजतात!

*

दोन डिस्क बिघडल्यावर आत्यांच्या मैत्रिणीनं, पार्वतीनं, निदान केलं. ‘दमट झाल्यात गं ह्या. पावसात बियाणं बी असंच दमट हुतंय, मग उगवत न्हाई.’

पाऊस सरत आला होता तरी हवेत ओल होतीच. मला ते अगदीच खोटं वाटलं नाही. मी म्हटलं, ‘मग कपाटात ठेवते.’

झालं! मी दुपारी अंगणवाडीच्या मीटिंगला गेले आणि परत येऊन बघते तर डिस्कचा डबा रिकामा! कपाटात नाही, ट्रंकेत नाही, टेबलाखाली नाही. मी घर डोक्यावर घेतलं. आत्या शांतपणे भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, ‘ओरडालीस कशाला? वर बघ की!’

वर बघितलं. चुलीवरच्या माळ्याला बियाण्याची गाठोडी टांगतात, अंबाडीचं, काकडीचं, भोपळ्याचं. त्यांच्या रांगेत आमच्या कोऱ्या सीड्या! दोरीत ओवलेल्या, धुरात डोलत होत्या. शेजारी सुकी मासळी.

‘आता वर्सभर काय हुत न्हाई त्यास्नी,’ पार्वती अभिमानानं म्हणाली.

काढल्या तेव्हा रंग गुळासारखा झालेला. मी ओल्या फडक्यानं पुसल्या, कोरड्या फडक्यानं पुसल्या, त्यातली बरी बघून एक आत घातली. रायटरनं ती पाच सेकंदांत बाहेर ढकलली. मग मांजर आलं आणि तासभर कॉम्प्युटरपासून हललं नाही.

ह्यांनी जीपच्या फेरीत जोयड्याहून नवा डबा आणला. तो मी माझ्या उशाखाली ठेवला.

*

तिसरं निदान ह्यांचं. ‘जीप कशी, खड्ड्यातनं गेली की हळू जाते. ह्याला पण हादरे बसत असणार.’

आमच्या घरची जमीन शेणानं सारवलेली, टेबलाचा एक पाय आखूड. म्हटलं, असेल बाई! त्या दिवशी घरात कर्फ्यू लागला. कांडण बंद, दळण बंद, कोंबड्या डालग्याखाली. चौदाजणी भिंतीला पाठ लावून बसल्या, पाय पोटाशी घेऊन. ज्या बायका घरात एका जागी दोन मिनिटं बसत नाहीत त्या तासभर हलल्या नाहीत. एकीच्या पायाला मुंग्या आल्या, तिनं पाय हलवायची परवानगी खुणेनं मागितली. आत्यांनी खुणेनंच नाकारली.

पन्नास टक्के झाले. सत्तर झाले. नव्वद झाले तेव्हा माझ्या छातीत धडधडायला लागलं आणि मला भीती वाटली की त्याचाही हादरा बसेल. पंच्याण्णव! शहाण्णव! सत्त्याण्णव!

‘आंऽऽऽक्छी!’

ओसरीवर मामंजी, म्हणजे माझे सासरे, शिंकले होते. खर्रर्र! डिस्क बाहेर!

चौदा माना एकदम ओसरीकडे वळल्या. मामंजी आयुष्यात कुणाला घाबरले नाहीत. रानात अस्वल समोर आलं तेव्हा त्यालाच वाट सोडायला लावणारा माणूस! पण त्या चौदा माना बघून त्यांनी काठी उचलली, चपला हातात घेतल्या आणि पावलाचा आवाज न करता गणेशगुडीला लेकीकडे निघून गेले.

दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी निरोप आला, ‘शीडी झाली का ईचारा. न्हाईतर मी हितंच भात कापून मग येतो.’

*

मग म्हादू आजाला बोलावलं. आमच्याकडे कुठल्याही कामात अडचण आली की देवाला गाऱ्हाणं घालतात. म्हादू आजानं उभं राहून मागायचं आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा!’ म्हणून दुजोरा द्यायचा. आजाचं गाऱ्हाणं वाया जात नाही अशी ख्याती.

मी डिस्क घातली, बटण दाबलं. आजानं कॉम्प्युटरसमोर नारळ ठेवला, डोकीचं मुंडासं सारखं केलं आणि सुरू झाला.

‘बा देवा म्हाराजा! रानात डुकरं लई झाल्यात, त्यास्नी दुसरी वाट दाव रं म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘खालच्या शेतात पाखरं बसाल्यात, त्यास्नी उडवून लाव रं म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘माझ्या म्हशीला दूध येऊ दे, जावयाला अक्कल येऊ दे रं म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

गाऱ्हाणं रंगात आलं. गावातलं एकेक दुखणं निघालं. आजानं शेवटी हात जोडले, सगळ्यांनी जोडले, नारळ फुटला, खोबरं वाटलं. मी म्हटलं, ‘आजा, सीडीचं राहिलं की!’

‘आरं तिच्या! इसरलोच!’ आजा म्हणाला. आणि तेवढ्यात खर्रर्र!

मी डोक्याला हात लावला. आजानं मात्र हात पुढं केला. ‘दे हिकडं ती. खालच्या शेताला एक कमीच पडत हुती.’

तेव्हा मला उलगडा झाला! आमच्या बिघडलेल्या सगळ्या सीड्या आजाच्या शेतात दोरीला लटकत होत्या. उन्हात चमकायच्या, पाखरं फिरकायची नाहीत. त्या वर्षी आजाचं भात पाखरांनी खाल्लं नाही. गाऱ्हाणं वाया जात नाही हे मात्र खरं!

*

शुक्रवार उजाडला. शेवटचा दिवस! सकाळी मी आत्यांसमोर सरळ रडले. म्हटलं, ‘आत्या, मला येत नाही हो. माझ्यामुळं तुमचा समुद्र हुकणार.’

आत्या म्हणाल्या, ‘रडतीस कशाला? तुला येत न्हाई तर ज्याला येतंय त्याला ईचारू. रामनगरच्या त्या सतीशला फोन लाव.’

आता फोन लावणं म्हणजे घरात बसून लावणं नव्हे. आमच्याकडे रेंज फक्त वळणावरच्या मोठ्या धोंड्यावर. त्यावर चढून, तोंड पश्चिमेला केलं की दोन दांड्या येतात. कॉम्प्युटर घरात, रेंज धोंड्यावर, मध्ये अर्धा मैल! शेवटी असं ठरलं की हे धोंड्यावर चढून सतीशशी बोलणार आणि पार्वती व सखू ह्या फुगडीतल्याच दोघी एकामागून एक निरोप घेऊन घरी येणार.

सतीशला लगेच समजलं. तो म्हणाला, ‘रायटर दोन-चारदा चुकला की कॉम्प्युटरचा त्याच्यावरचा विश्वास उडतो आणि तो स्वतःच त्याला हळू चालवतो. मग कितीही डिस्क बदला, तो हळूच चालणार. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जायचं, रायटरचं जे दुसरं चॅनेल आहे ते काढून टाकायचं. आणि मग कॉम्प्युटर बंद करून परत चालू करायचा. चॅनेल नव्यानं बसतं, जुनं सगळं विसरतं.’

ह्यांनी पहिली सूचना पार्वतीला दिली. चॅनेल काढा. दुसरी सखूला दिली. बंद करून चालू करा. पार्वती रस्त्यानं निघाली. रस्त्यानं निघाली की चार जणं भेटणारच, आणि पार्वती न बोलता पुढं जाणाऱ्यातली नाही! सखू निघाली शेताच्या बांधावरून, साडी वर खोचून.

सखू आधी पोचली. ‘बंद करून चालू कर म्हन्त्यात!’

मी बंद करून चालू केला. काही फरक नाही.

दहा मिनिटांनी पार्वती आली, हातात कुणीतरी दिलेली दोडकी. ‘दुसरं च्यानल काढून टाक म्हन्त्यात!’

मी काढून टाकलं. तर कॉम्प्युटर विचारतो, आता बंद करून चालू करू का? मी म्हटलं, आत्ताच तर केला, कितीदा करू! ‘नको’ वर टिचकी मारली आणि डिस्क हातात घेऊन बसले. एवढ्यात करंट गेला!

मी कपाळ बडवून घेतलं. धरणावर वीज होते आमच्याच तालुक्यात, पण ती आम्हाला कधी येईल हे विचारायचं नाही, हा आमच्या तालुक्याचा शिरस्ता. पण वीस मिनिटांत आली. कॉम्प्युटर चालू केला, डिस्क घातली, देवाचं नाव घेतलं.

चार मिनिटं! घड्याळ लावून चार मिनिटं! सीडी तयार!

मी किंचाळले. ह्यांना धोंड्यावर ऐकू गेलं म्हणे! ज्या करंटला एरवी आम्ही शिव्या देतो त्यानंच सूचना बरोबर क्रमानं लावून दिल्या होत्या.

*

आता तुम्हाला वाटेल, सुटलो. सीडी घ्यायची, एकच्या बसनं जोयड्याला जायचं, द्यायची. मलाही तसंच वाटलं होतं.

पण चौदाजणींचे चेहरे पडलेले! मी विचारलं, ‘काय झालं गं?’

सखू म्हणाली, ‘चार मिन्टात समदी फुगडी कशी बगीटली त्यानं?’

‘काय तरी सोडलं असंल,’ पार्वती.

‘शेवटचं सोडलंय,’ तिसरी म्हणाली. ‘तितं मीच म्होरं हाय.’

मी परोपरीनं सांगितलं, की आता तो नीट चालतोय, चार मिनिटंच लागतात. कोण ऐकतंय! नऊ दिवस तासतासभर वाट बघून त्यांची खात्री झाली होती की तास लागला तरच काम पक्कं. आत्यांनी निकाल दिला, ‘लाव. समदी बघू. मग देऊ.’

लावली. बसलो. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकीचा पाय चुकला होता तिथं दोनदा मागं नेऊन पाहिलं आणि तिला शिव्या घातल्या. शेवटचा फेर आला, तिसरीचं तोंड दिसलं, सगळ्याजणींनी समाधानानं मान डोलावली.

आणि घाटावरून खाली उतरणाऱ्या बसचा हॉर्न ऐकू आला. एकची बस निघून गेली होती!

*

राहिली ह्यांची जीप. मी म्हटलं, मी आणि हे जातो, देऊन येतो. तर ते चालेना. आमच्या फुगडीची एक रीत आहे. कुठल्या घरी नारळ मिळाला तर तो एकटीनं घ्यायचा नाही, सगळ्याजणींचा हात लागला पाहिजे. मग समुद्राला नेणारी सीडी एकटीच्या हातानं कशी द्यायची? चौदाजणी जीपमध्ये चढल्या. आमच्याकडे जीपमध्ये सोळा म्हणजे रिकामी म्हणतात, त्यामुळं त्याचं काही नाही!

वाटेत झाड आडवं पडलेलं, दोन तास खपून ते बायकांनीच ओढून बाजूला केलं. ऑफिसात पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. पाकिटाला चौदा हात लावून सीडी साहेबांच्या टेबलावर ठेवली. कानडी बोलणारे, सज्जन, चष्मेवाले साहेब. ते म्हणाले, ‘अम्मा, डिस्क लावून बघितल्याशिवाय पोच द्यायची न्हाई, असा रूल हाय. आणि करंट न्हाई.’

‘कवा येतोय?’ आत्यांनी विचारलं.

साहेबांनी वर बंद पंख्याकडे बघितलं. आम्हाला उत्तर मिळालं.

पावणेपाच झाले. करंट नाही. सोमवारी आलं तर चालणार नाही, यादी आजच कारवारला जायची होती. चौदाजणी भिंतीला टेकून उभ्या. नऊ दिवस गेले होते आणि समुद्र पंधरा मिनिटांवर येऊन अडकला होता!

आत्या पुढं झाल्या. ‘साहेब, त्या शीडीत काय हाय त्येच बघायचं हाय न्हवं?’

‘व्हय अम्मा.’

‘मग बघा की!’

त्यांनी पदर खोचला. तेरा पदर मागोमाग खोचले गेले. व्हरांड्यात फेर धरला आणि सुरू! जमीन सिमेंटची, पाय अनवाणी, फुगडीचा घुमार सगळ्या ऑफिसात भरला. दाखल्यासाठी रांगेत उभी असलेली माणसं रांग सोडून आली. आतल्या खोल्यांतले सगळे बाहेर. साहेब खुर्चीसकट दारात येऊन बसले. चष्मा पुसून परत घातला.

दहा मिनिटं झाली. साहेब उठून म्हणाले, ‘आयतु, अम्मा, आयतु! झालं! बघितलं! कारवारला मी स्वतः फोन करतो!’

आत्या फिरता फिरता ओरडल्या, ‘तासभराची हाय साहेब! आजून पन्नास मिन्टं ऱ्हायल्यात!’

‘पाच वाजले अम्मा!’

‘सोडून कायबी चालायचं न्हाई!’

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे व्हरांड्याच्या खांबाला धरून हसत होते. शेवटी साहेबांनी पेन काढलं, एक डोळा फुगडीवर ठेवून पोच लिहिली, शिक्का मारला आणि फेराला वळसा घालून ती माझ्या हातात आणून दिली.

फुगडी चालूच होती. मी कागद उजेडाला धरून कानडी अक्षरं वाचली.

‘डिस्कची संख्या : चौदा. चालवून पाहिल्या. थांबत नाहीत.’